मोटारीतल्या गाण्याचा वीजहिशेब

मोटारीत बसले की गाणे लावायचे, ही सवय आता इतकी अंगवळणी पडली आहे की त्या गाण्याला वीज कोठून मिळते, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनात येत नाही. घरातल्या रेडिओचे ठीक आहे. भिंतीतल्या प्लगमागे तारा, खांब, रोहित्रे आणि थेट वीजकेंद्र उभे असते. मोटारीतल्या गाण्यामागे कोण उभे असते? बॉनेटखालची एक बॅटरी आणि इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारे एक लहानसे जनित्र. या दोघांपलीकडे तिसरे कोणी नाही.

आपल्याकडे म्हण आहे, आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? मोटारीतल्या संगीताचा सुमारे नव्वद-पंचाण्णव वर्षांचा इतिहास मला या एका म्हणीत सापडतो. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पोहरा. तो कितीही मोठा आणला तरी पाणी आडाचेच. मी अनेक वर्षे मोटारीचे वायरिंग शिकणाऱ्या मुलांना शिकवले. त्यांना हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवताना मला जाणवत गेले, की आवाज वाढवण्याची हौस नेहमी पुढे धावली आणि प्रत्येक वेळी तिला बॅटरीपाशी येऊन थांबावे लागले.

सुरुवात १९३० सालापासून करू. त्याआधीही हौशी मंडळींनी मोटारीत रेडिओ बसवले होते. पण सामान्य गिऱ्हाइकाला परवडेल असा मोटारीचा रेडिओ बाजारात आणण्यात मोठा वाटा शिकागोच्या गॅल्व्हिन बंधूंचा. पॉल गॅल्व्हिन यांनी जून १९३० मध्ये अटलांटिक सिटी येथे भरलेल्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याबाहेर आपली स्टुडबेकर गाडी उभी केली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्यातला रेडिओ ऐकवला. ‘मोटर’ या शब्दाला ‘ओला’ हा त्या काळातला लोकप्रिय प्रत्यय जोडून त्याचे नाव ठेवले ‘मोटोरोला’. पुढे १९४७ मध्ये कंपनीनेच ते नाव घेतले. जर्मनीत ब्लाउपुंक्टचा ‘ऑटोसुपर एएस ५’ हा रेडिओ १९३२ साली आला. त्याचे वजन होते सुमारे १५ किलो आणि किंमत ४६५ राइशमार्क.

या रेडिओंची खरी अडचण विजेची होती. त्या वेळी मोटारीची बॅटरी साधारणतः ६ व्होल्टची असे. रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हची तार तापवायला एवढे व्होल्टेज पुरे. पण व्हॉल्व्ह काम करायचा तर त्याच्या प्लेटला शंभर-दोनशे व्होल्ट लागतात. ते आणायचे कोठून? सुरुवातीच्या काळात उत्तर अगदी रांगडे होते. ४५ व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्या एकापुढे एक जोडून गाडीच्या फरशीखाली पेटीत ठेवायच्या. त्या चार्ज होत नसत. संपल्या की फेकायच्या आणि नव्या विकत घ्यायच्या. म्हणजे गाणे मोटारीत होते, पण मोटारीच्या विजेवर नव्हते.

लवकरच यावर एक नामी युक्ती निघाली, ‘व्हायब्रेटर’. एक लवचिक पोलादी पट्टी सेकंदाला सुमारे शंभर वेळा थरथरते, बॅटरीचा प्रवाह जोडते आणि तोडते. असा तुटक प्रवाह ट्रान्सफॉर्मरमधून नेला की त्याचे व्होल्टेज वाढवता येते; मग तो पुन्हा एकदिश करून व्हॉल्व्हला द्यायचा. रेडिओ सुरू केला की गाण्याआधी या व्हायब्रेटरची गुणगुण ऐकू येत असे. कोरड्या बॅटऱ्या गेल्या आणि रेडिओ पहिल्यांदा गाडीच्या आडावर आला. पण त्याची तहान मोठी होती. असा संच सर्वसाधारणपणे सहा-सात अँपिअर प्रवाह घेई आणि बदल्यात आवाज देई जेमतेम काही वॅटचा. बाकीची वीज व्हॉल्व्ह तापवण्यातच जाई.

त्या काळातले जनित्र म्हणजे डायनमो. जुन्या गाड्या हाताळलेल्यांना त्याचा स्वभाव ठाऊक असेल. गाडी पळत असली की डायनमो खुश. सिग्नलला गाडी उभी राहिली, इंजिन मंद झाले, की त्याचे हात गळून पडायचे. मग ‘कटआउट’ त्याला बॅटरीपासून तोडून टाकी आणि सगळा भार एकट्या बॅटरीवर येई. हेडलाइट मंद होत. अशा वेळी रेडिओ चालू ठेवायचा म्हणजे साठवणीतून खर्च करायचा, मिळकत शून्य!

पुढचे मोठे बदल संगीतासाठी झालेच नाहीत, ही या इतिहासातली गंमत आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेत मोठी, जास्त दाबाची व्ही-८ इंजिने आली. ती फिरवायला स्टार्टरला अधिक जोर हवा. ६ व्होल्टवर तेवढा जोर काढायचा तर प्रवाह प्रचंड लागतो आणि केबल मनगटाएवढ्या जाड कराव्या लागतात. व्होल्टेज दुप्पट केले की तेच काम अर्ध्या प्रवाहात होते. म्हणून १९५५-५६ च्या सुमारास तिथल्या बहुतेक गाड्या १२ व्होल्टवर गेल्या. फोक्सवॅगनच्या बीटलने हा बदल १९६७ च्या सुमारास केला. सोय झाली ती स्टार्टरची, पण लाभ रेडिओलाही झाला.

त्याच सुमारास ट्रान्झिस्टर आला. क्रायस्लरच्या गाड्यांसाठी फिल्को कंपनीने १९५५ मध्ये संपूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ काढला. ट्रान्झिस्टरला शंभर-दोनशे व्होल्टची गरज नव्हती. तो थेट बॅटरीवर चाले. व्हायब्रेटर गेला, त्याची गुणगुण गेली आणि विजेची उधळपट्टीही गेली.

तिसरा बदल ऑल्टरनेटरचा. क्रायस्लरने १९६० मध्ये आपल्या व्हॅलियंट गाडीत डायनमोच्या जागी तो बसवला. यात निर्माण होणारी वीज उलटसुलट वाहते आणि सिलिकॉनचे डायोड तिला एकदिश करतात. इंजिन मंद फिरत असतानाही ऑल्टरनेटर काही ना काही मिळकत देत राहतो. मोटारीसाठी ऑल्टरनेटर विकसित करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते, त्यांत एल्मर वेव्हरिंग यांचे नाव अग्रभागी आहे. हे वेव्हरिंग म्हणजे विल्यम लिअर यांच्याबरोबर गॅल्व्हिन यांच्या त्या पहिल्या मोटार-रेडिओवर काम केलेले तंत्रज्ञ. पुढे ते मोटोरोलाच्या अध्यक्षपदापर्यंत पोहोचले. ज्या माणसाने पोहरा घडवला, त्यानेच आड खोल करायला हात लावला.

आता १२ व्होल्ट, ट्रान्झिस्टर आणि ऑल्टरनेटर असे तिघे जमले. तरीही आवाजाला एक कमाल मर्यादा होती आणि ती गणिताने घातलेली होती. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. साध्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या वाट्याला त्यातला निम्मा झोका येतो. ४ ओहमच्या स्पीकरला अशाने फार तर साडेसहा वॅट मिळतात. ट्रान्झिस्टर कितीही उत्तम बसवा, आकडा तोच. पुढे ‘ब्रिज’ जोडणी रूढ झाली. स्पीकरच्या दोन्ही टोकांना वेगवेगळे अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे; एक वर ढकलतो तेव्हा दुसरा खाली खेचतो. झोका दुप्पट होतो आणि शक्ती चौपट. हिशेबाने सुमारे २६ वॅट, आणि घट वजा जाता प्रत्यक्षात वीसच्या आसपास. आजही डॅशबोर्डमधल्या बहुतेक डेकची खरी कुवत एवढीच असते.

मग डेकच्या तोंडावर ‘५० वॅट × ४’ असे छापलेले असते, ते काय? आवाज पूर्ण फाटेपर्यंत वाढवला की ध्वनीची गोल लहर कापली जाऊन चौकोनी होते. त्या चौकोनी लहरीचा हिशेब केला, म्हणजे १४.४ गुणिले १४.४ भागिले ४, की उत्तर येते जवळजवळ ५२. आकडा अगदीच खोटा नाही, पण त्या अवस्थेत गाणे ऐकवत नाही. मी मुलांना सांगत असे, तोंडावरचा आकडा वाचू नका, डेक उलटा करून मागचा फ्यूज वाचा. तो बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो. १० अँपिअर धरले तर १४.४ व्होल्टला १४४ वॅट एवढीच वीज आत जाऊ शकते. आत १४४ आणि बाहेर २०० वॅट कसे येतील? नेहमीच्या पद्धतीचा अ‍ॅम्प्लिफायर त्यातली चाळीस टक्के वीज उष्णतेत घालवतो. उरले ऐंशी-पंच्याऐंशी. चार स्पीकरांत वाटून टाका, पुन्हा वीस.

ही मर्यादा ओलांडण्याचा मार्ग १९७० च्या दशकात खुला झाला. बाहेरून बसवायचे वेगळे अ‍ॅम्प्लिफायर आले. आपल्याकडे गॅरेजच्या भाषेत त्यांना ‘बूस्टर’ म्हणू लागले. या डब्यांच्या आत आणखी एक यंत्रणा असते. ती बॅटरीचे १२ व्होल्ट सेकंदाला हजारो वेळा जोडते-तोडते, लहान ट्रान्सफॉर्मरमधून नेते आणि तीस-चाळीस व्होल्ट करून अ‍ॅम्प्लिफायरला देते. वाचकांच्या लक्षात आलेच असेल, हा तोच जुना व्हायब्रेटर! फक्त पोलादी पट्टीच्या जागी आता ट्रान्झिस्टर आहे. व्होल्टेजची भिंत पडली आणि शेकडो वॅटचे आकडे बाजारात आले.

पण व्होल्टेज वाढवता येते, वीज निर्माण करता येत नाही. समजा, अ‍ॅम्प्लिफायर खरोखर ५०० वॅट देतो. साठ टक्के कार्यक्षमता धरली तर त्याला सुमारे ८३० वॅट आत हवेत. १४ व्होल्टला हा प्रवाह होतो जवळजवळ ६० अँपिअर. लहान गाडीच्या ऑल्टरनेटरची पूर्ण वेगातली सगळी मिळकतच साधारण तेवढी असते आणि त्यातून हेडलाइट, वातानुकूलनाचा पंखा, वायपर, इंधनपंप यांचे देणे आधी द्यायचे असते. गाणे सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, सरासरी मागणी याच्या बरीच खाली राहते, म्हणून संसार कसाबसा चालतो. मात्र ढोलाचा प्रत्येक ठोका बॅटरीकडे हात पसरतो. रात्री एखाद्या गाडीचे हेडलाइट गाण्याच्या तालावर मिचकावताना दिसले, तर आड तळाला लागला आहे असे खुशाल समजावे.

याचा फटका कोणाला बसतो, हे मी जवळून पाहिले आहे. २००० च्या आसपास माझ्या एका विद्यार्थ्याच्या गॅरेजमध्ये एक वडापवाला आला. कर्जाऊ जीप, तालुक्याच्या स्टँडवरून माणसे भरायची. ज्याच्या गाडीत गाणे दणकेबाज, त्याच्याकडे कॉलेजची पोरे आधी बसतात, म्हणून त्याने शहरातल्या एका दुकानातून ‘१००० वॅट’चा बूस्टर आणि दोन वूफर बसवून घेतले होते. वर्षभरात दुसरी बॅटरी बसली होती. संध्याकाळच्या शेवटच्या फेरीला सेल्फ मारला की नुसते टक-टक. मग माणसांना उतरवून धक्का मारायला लावायचे. भरलेली गाडी अशी दोन-तीनदा अडल्यावर माणसे दुसऱ्या गाडीत बसू लागली. तो मला म्हणाला, ‘‘सर, डब्यावर तर हजार लिहिलंय. मग बॅटरी का पुरत नाही?’’

आम्ही डबा उलटा केला. फ्यूज ४० अँपिअरचा. म्हणजे १४ व्होल्टला आत जाणार ५६० वॅट आणि बाहेर येणार फार तर साडेतीनशे. हजारासाठी पैसे मोजले होते, मिळाले होते एक तृतीयांश. आणि हा तिसरा हिस्सासुद्धा त्याच्या गाडीला झेपत नव्हता, कारण स्टँडवर गिऱ्हाइकाची वाट बघताना इंजिन बंद आणि गाणे चालू. बॅटरी रोज खोल उपसली जात होती. मोटारीची बॅटरी स्टार्टरला काही सेकंद जोरात प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. तिला रोज रिकामी केले तर ती काही महिन्यांतच मान टाकते.

त्याहून गंभीर गोष्ट गालिच्याखाली निघाली. बॅटरीपासून मागच्या बूस्टरपर्यंत पाच मीटरची, घरगुती वायरिंगला वापरतात तशी अडीच चौरस मिलिमीटरची तार ओढलेली होती आणि बॅटरीजवळ फ्यूजच नव्हता. अशा तारेतून ४० अँपिअर गेले तर जवळजवळ दीड व्होल्ट तारेतच खर्च होतात आणि पंचावन्न वॅटची उष्णता गालिच्याखाली साठते. पत्र्याला घासून ती तार उघडी पडली असती तर? बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते. आग लागायला वेळ लागत नाही. बॅटरीजवळचा फ्यूज असतो तो त्या तारेसाठी. बूस्टरवरचा फ्यूज बूस्टरपुरता. हा फरक समजला नाही म्हणून गाड्या जळू शकतात.

त्याच्या गाडीत आम्ही जाड केबल टाकली, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज बसवला, बॉडीचा रंग खरवडून अर्थिंग पक्के केले आणि एक वूफर काढून टाकला. आवाजात त्याला फारसा फरक वाटला नाही. यामागे कानाचा स्वभाव आहे. आवाज दुप्पट मोठा वाटायला सुमारे दसपट शक्ती लागते. शक्ती निम्मी केली तर कानाला थोडासाच फरक कळतो. साध्या, व्होल्टेज स्थिर न ठेवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरला १४.४ ऐवजी १२ व्होल्ट मिळाले तर शक्ती सुमारे तीस टक्क्यांनी घटते. कानाला ते जेमतेम जाणवते. जाणवतो तो फाटलेला आवाज, आणि तोच स्पीकर जाळतो.

या रोगावर बाजारात एक गोंडस औषधही विकले जाई, अजूनही विकले जाते: एक फॅरडचा चकचकीत कॅपॅसिटर. व्होल्टेज १४.४ वरून १२ वर येईपर्यंत तो देऊ शकतो सुमारे ३२ ज्यूल ऊर्जा. ८३० वॅटच्या मागणीला ती पुरते सेकंदाचा पंचविसावा भाग. ढोलाचा एक ठोका याहून लांब असतो. आणि रिकामा झालेला कॅपॅसिटर पुन्हा भरायचा कोणी? त्याच ऑल्टरनेटरने.

वॅटच्या आकड्यांना लगाम घालण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. घरगुती अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती कशी मोजून सांगायची, याचा नियम अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये केला. पण तो घरातल्या यंत्रांपुरता होता, मोटारीतली यंत्रे त्यातून सुटली. त्यांच्यासाठी तिथल्या उद्योगानेच २००३ मध्ये ‘सीईए-२००६’ हे मानक आणले. १४.४ व्होल्ट, ४ ओहम, आणि विकृती एक टक्क्याच्या आत, अशा अटीवर मोजलेली शक्तीच लिहायची. हे मानक ऐच्छिक आहे. पाळणारे पाळतात, न पाळणाऱ्यांचे हजार वॅट चालूच आहेत.

आड खोल करण्याचे प्रयत्नही पुढे झाले. १९९० च्या दशकात ४२ व्होल्टच्या मोटारींची मोठी चर्चा झाली. टोयोटाने २००१ मध्ये क्राउन गाडीच्या एका प्रकारात ती पद्धत आणलीही. पण खर्च आणि स्विचमध्ये उडणाऱ्या ठिणग्या यांमुळे ती रुजली नाही. पुढे ४८ व्होल्टच्या रूपात तीच कल्पना परतली. ऑडीची एसक्यू-७ २०१६ मध्ये आणि टेस्लाचा सायबरट्रक २०२३ मध्ये ही वीज घेऊन आले. दुसऱ्या बाजूने, कमी वीज खाणारे ‘क्लास डी’ अ‍ॅम्प्लिफायर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारीत रुळले. तेच ५०० वॅट ते साठऐवजी सुमारे बेचाळीस अँपिअरमध्ये देतात. पोहऱ्याची गळती थांबवली, असे म्हणू. विजेवर चालणाऱ्या गाडीत ऑल्टरनेटर नसतो, मोठ्या बॅटरीतून वीज उतरवून दिली जाते. पण दिवे, हॉर्न आणि गाणे यांच्यासाठी बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची लहान बॅटरी अजून आहेच.

गणपतीच्या मिरवणुकीत स्पीकरच्या भिंती घेऊन जाणारा ट्रक आठवा. त्याच्यावर किंवा मागच्या गाडीवर एक जनरेटर धडधडत असतो. ट्रकच्या बॅटरीवर ती भिंत वाजणार नाही, हे त्या मंडळींना कोणी शिकवावे लागत नाही. ज्याला खरोखर मोठा आवाज हवा, तो आधी विजेची सोय बघतो. हाच विचार लहान गाडीलाही लागू आहे. बूस्टर घेण्याआधी दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: फ्यूज किती अँपिअरचा, माझ्या गाडीचा ऑल्टरनेटर किती अँपिअरचा, आणि तार किती जाडीची टाकणार. उत्तर देता येत असेल तर पुढचे बोलणे करावे. येत नसेल तर गाडीत आहे तो डेक, बरे स्पीकर आणि बंद काचा एवढ्यावरही गाणे छान ऐकू येते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)